चाळीस खुर्च्यांचं बिल: न्यूयॉर्कच्या ट्वीड टोळीचं प्रकरण

तीन टेबलं आणि चाळीस खुर्च्या, बिल १,७९,७२९ डॉलर. अकरा थर्मामीटर, ७,५०० डॉलर. एका सुताराला एका महिन्याच्या कामाचे साडेतीन लाख डॉलरहून जास्त, तेही जिथे लाकूडकाम फारसं नव्हतंच अशा इमारतीत. अँड्र्यू गार्वी या प्लास्टरच्या कंत्राटदाराला दोन दिवसांच्या कामाचे १,३३,१८७ डॉलर. हे आकडे न्यूयॉर्कच्या स्वतःच्या हिशेबवहीत, सरकारी कारकुनांच्या हातचे, रीतसर उतरवलेले होते. रकमेसमोर तारीख होती, नाव होतं आणि पैसे द्यायला हरकत नाही असं सांगणारी मंजुरी होती.

या प्रकरणात मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते ती ही मंजुरी. तेव्हा न्यूयॉर्कचं राजकारण मुठीत ठेवणाऱ्या विल्यम ट्वीडबद्दल खूप लिहिलं गेलंय. त्याचा अवाढव्य देह, शर्टावरचा हिरा, मे १८७१ मध्ये मुलीच्या लग्नात आलेल्या आहेरांचा ढीग, सगळं लोकांना ठाऊक आहे. पण माणूस कितीही हावरा असला तरी सरकारी तिजोरीतून पैसा बाहेर काढायला कागद लागतो. तो कागद कोणाच्या टेबलावरून कोणाच्या टेबलावर गेला, कुठे अडायला हवा होता आणि का अडला नाही, हे बघायचं म्हणून ही मांडणी.

मतं कुठून आली

ट्वीडचा जन्म १८२३ चा, न्यूयॉर्कमधलाच. वडील खुर्च्या बनवायचे. तरुणपणी तो आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांच्या पथकात नावारूपाला आला, १८५१ मध्ये नगरसेवक म्हणून निवडून आला, पुढे एक मुदत वॉशिंग्टनला प्रतिनिधिगृहात काढून परतला. डेमोक्रॅटिक पक्षाचा शहरातला कणा म्हणजे टॅमनी हॉल ही संघटना. १८६० च्या दशकात तिची सूत्रं ट्वीडच्या हातात आली. १८६८ पासून तो राज्याच्या सिनेटमध्येही बसू लागला, म्हणजे एक पाय शहरात आणि दुसरा ऑल्बनीत, राज्याच्या राजधानीत.

त्याला मतं देणारे बहुतेक आयर्लंडहून आलेले गरीब लोक होते. त्यांना मूर्ख समजणं मला अन्यायाचं वाटतं. बोटीतून उतरलेल्या माणसाला काम, नागरिकत्वाचा कागद आणि हिवाळ्यात कोळसा देणारं दुसरं कोणी शहरात नव्हतं. टॅमनीचे न्यायाधीश निवडणुकीच्या तोंडावर हजारोंच्या संख्येने नागरिकत्वाचे अर्ज निकाली काढत. हे बेकायदा होतं आणि मतांसाठीच होतं. पण ज्याच्या हातात तो कागद पडे त्याला तो आयुष्यभर पुरायचा. १८७० च्या हिवाळ्यात ट्वीडने आपल्या वॉर्डातल्या गरिबांच्या कोळशासाठी ५०,००० डॉलर दिले. ते घेणाऱ्याच्या कानावर घोटाळ्याची कुजबुज आली असली, तरी त्याने कोळसा का नाकारावा, याचं पटेल असं उत्तर मला सापडलेलं नाही.

अडीच लाखांची इमारत

सिटी हॉलच्या मागे, चेंबर्स स्ट्रीटवर, काउंटीसाठी, म्हणजे जिल्ह्यासाठी, नवं कोर्ट बांधायचं ठरलं. १८५८ च्या कायद्याने त्यासाठी अडीच लाख डॉलरची तरतूद झाली. बांधकाम १८६१ मध्ये सुरू झालं. दहा वर्षांनी खर्च १ कोटी डॉलरच्या पुढे गेला होता आणि इमारत अर्धवटच होती. अमेरिकेने रशियाकडून अख्खं अलास्का १८६७ मध्ये विकत घेतलं ते ७२ लाख डॉलरना.

काउंटीचा खर्च बघायला 'बोर्ड ऑफ सुपरवायझर्स' हे मंडळ होतं. बारा सदस्य, दोन्ही पक्षांचे निम्मे निम्मे. एकाने खाल्लं तर दुसरा ओरडेल, हा त्यामागचा विचार. कागदावर विचार उत्तम होता. पुढे ट्वीडनेच कबूल केलं की विरोधी सदस्याला पैसे देऊन महत्त्वाच्या बैठकीला गैरहजर ठेवलं की काम भागायचं. बारातला एक आला नाही की समतोल संपला. शिवाय वाटणी सुरू झाल्यावर दोन्ही बाजूंच्या लोकांना तिची गोडी लागली. 'दोन्ही पक्ष आहेत, म्हणजे देखरेख आहे' असं कोणी म्हटलं की मला हे मंडळ आठवतं.

रीत साधी होती. कंत्राटदाराने खऱ्या कामाच्या रकमेत ठरावीक टक्के वाढवून बिल टाकायचं, बिल मंजूर व्हायचं, पैसे निघाले की वरचा वाटा तो परत आणून द्यायचा. सुरुवातीला ही टक्केवारी दहा-पंधराच्या आसपास होती. पुढे पस्तीस, पन्नास झाली आणि शेवटी बिलाचा निम्म्याहून बराच मोठा भाग वाटपात जाऊ लागला. सगळ्यात मोठा वाटा ट्वीडचा, त्याखालोखाल शहराचा कंट्रोलर, म्हणजे हिशेबाचा प्रमुख, रिचर्ड कॉनली, मग ट्वीडचा साथीदार पीटर स्वीनी, मग महापौर ओकी हॉल. खालच्या माणसांसाठीही हिस्सा राखलेला असे, आणि ही माणसं सगळ्यात महत्त्वाची. काउंटीचा लेखापाल जेम्स वॉटसन हा सगळा हिशेब सांभाळायचा. कोणाचं बिल किती फुगवलं, कोणाला काय पोचलं, हे अचूक ठाऊक असलेला माणूस तोच. बांधकामाला लागणाऱ्या संगमरवराची मॅसॅच्युसेट्समधली खाणही ट्वीडच्या मालकीची होती. म्हणजे माल विकणाराही तो आणि बिल पास करणाऱ्यांतलाही तोच.

१८७० ची सनद

इथवरचं सगळं ओळखीचं, कुठल्याही देशात सापडेल असं. माझ्या मते खरा गुन्हा ५ एप्रिल १८७० रोजी घडला, आणि तो पूर्ण कायदेशीर होता. त्या दिवशी गव्हर्नर जॉन हॉफमन यांनी न्यूयॉर्क शहराच्या नव्या सनदेवर सही केली. हे हॉफमन आधी शहराचे महापौर होते, टॅमनीच्याच पाठिंब्यावर वर आलेले.

१८५७ पासून राज्य सरकारने शहराचे अधिकार एकेक करून काढून घेतले होते. पोलिस, अग्निशमन, आरोग्य, सगळं ऑल्बनीतून नेमलेल्या आयोगांकडे. शहरातल्या लोकांना याचा राग होता आणि तो रास्त होता. आपल्या शहराचा कारभार आपण निवडलेल्या माणसांकडे असावा, ही मागणी सुधारणावादीही करत होते. ट्वीडने नेमकी हीच मागणी उचलली. नव्या सनदेने अधिकार शहराकडे परत आले, महापौराच्या हातात नेमणुका आल्या, आणि प्रतिष्ठित नागरिकांनी तिचं स्वागत केलं. ऑल्बनीत मतं विकत घेण्यासाठी लाखो डॉलर वाटले गेल्याचं ट्वीडने नंतर सांगितलं. विरोधी रिपब्लिकन पक्षाच्या सिनेटरांनाही त्यातून पैसे गेले होते.

चांगल्या मागणीच्या पोटात काय दडलं होतं? सनदेने ट्वीड सार्वजनिक बांधकाम खात्याचा प्रमुख झाला आणि स्वीनीला उद्यानांचं खातं मिळालं. तिच्या जोडीने झालेल्या कायद्याने काउंटीची जुनी देणी तपासायला तीन माणसांचं मंडळ नेमलं: महापौर हॉल, कंट्रोलर कॉनली आणि ट्वीड. ज्याच्या खात्यात पैसा खर्च होतो तो, जो पैसा देतो तो आणि जो सगळ्यांवर लक्ष ठेवतो तो, हे तिघे एका टेबलाशी बसले. या मंडळाची खरी बैठक एकदाच झाली, ५ मे १८७० ला. त्या एका बैठकीतल्या ठरावाच्या आधारावर ६० लाख डॉलरहून जास्त रकमेची बिलं निघाली. एकेक बिल उघडून बघितलंच गेलं नाही.

बिल तपासणं हे कंटाळवाणं काम आहे. त्यात भाषणाला जागा नाही, फोटो नाही. म्हणूनच ते कोणाकडे आहे हे लोक विचारत नाहीत. सनदेवर बरीच चर्चा झाली, ती महापौराला किती अधिकार द्यावेत यावर. पण देणी कोण तपासणार, हा प्रश्न त्या चर्चेत मागे पडला, आणि सगळं त्याच्यावरच अवलंबून होतं.

सहा श्रीमंतांचा दाखला

त्या वर्षी शरद ऋतूत निवडणूक आली आणि कुजबुज वाढली. तेव्हा कॉनलीने शहरातल्या सहा बड्या आसामींना हिशेब तपासायला बोलावलं. त्यांच्यात जॉन जेकब ॲस्टर होते, शहरातल्या सगळ्यात मोठ्या जमीनदारांपैकी एक. बँकर मोझेस टेलरही होते. ही मंडळी कंट्रोलरच्या कचेरीत काही तास बसली. निवडणुकीच्या तोंडावर त्यांचं पत्रक निघालं: हिशेब योग्य रीतीने आणि प्रामाणिकपणे ठेवलेले आहेत.

हे प्रकरण मी जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा या पानावर थांबतो. या सहा जणांना ट्वीडच्या पैशाची गरज नव्हती. त्यांच्यावर करवाढीचा धाक होता असं तेव्हा बोललं गेलं. ते खरं असो वा नसो, जे निर्विवाद आहे तेच पुरेसं आहे. वही नीट लिहिलेली आहे हे त्यांनी पाहिलं, आणि ती नीट लिहिलेली होतीच! वॉटसनचा हात साफ होता. बेरजा जुळत होत्या. प्लास्टरच्या भिंती मोजायला कोर्टापर्यंत कोणी गेलं नाही, आणि ते कोर्ट काही लांब नव्हतं. चाळीस खुर्च्यांपैकी एका खुर्चीचा भाव बाजारात कोणी विचारला नाही. त्यांनी दिलेली क्लीन चिट टोळीच्या कुठल्याही हस्तकापेक्षा जास्त उपयोगी पडली, कारण तिच्याखाली प्रामाणिक समजल्या जाणाऱ्या माणसांची नावं होती. टॅमनीने ती निवडणूक जिंकली.

वही बाहेर येते

जानेवारी १८७१ मध्ये वॉटसन स्लेजगाडीच्या अपघातात जखमी झाला आणि आठवड्याभरात वारला. ज्याच्या डोक्यात सगळा हिशेब होता तो माणूस गेला. नंतर काउंटीच्या हिशेबांवर मॅथ्यू ओ'रूर्क हा कारकून आला. त्याने समोर आलेले आकडे वाचले आणि गुपचूप उतरवून घ्यायला सुरुवात केली. दुसरीकडे जेम्स ओ'ब्रायन हा माजी शेरीफ होता. त्याचा शहराकडे मोठ्या रकमेचा दावा होता आणि टोळी तो भागवत नव्हती. त्यानेही कंट्रोलरच्या कचेरीत आपला माणूस घुसवून नकला मिळवल्या होत्या. पैसे मिळाले असते तर ओ'ब्रायनने त्या कधीच बाहेर काढल्या नसत्या. ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. माहिती बाहेर आणणाऱ्याचं मन शुद्ध असायलाच हवं अशी अट ठेवली असती, तर हे प्रकरण कधीच उघडकीला आलं नसतं.

कागद न्यूयॉर्क टाइम्सकडे पोचले. वृत्तपत्राचे मालक जॉर्ज जोन्स यांना गप्प बसण्यासाठी कॉनलीकडून ५० लाख डॉलर देऊ करण्यात आले. जोन्स यांनी नकार दिला. हार्पर्स वीकलीचा व्यंगचित्रकार थॉमस नास्ट याला युरोपात जाऊन चित्रकला शिकण्याच्या नावाखाली ५ लाखांपर्यंतची बोली लागली. त्यानेही ऐकलं नाही. जुलैच्या उत्तरार्धात टाइम्सने आकडे छापले, आणि महिनाअखेर त्यांची पुरवणी काढली, ती इंग्रजीबरोबर जर्मनमध्येही, कारण शहरात जर्मन वाचणारे लोक मोठ्या संख्येने होते.

टाइम्स त्याआधी कित्येक महिने ट्वीडवर टीकेची झोड उठवत होता. चोर, लुटारू, सगळे शब्द वापरून झाले होते आणि फरक पडला नव्हता. फरक पडला तो शब्द बाजूला ठेवून रकाने छापल्यावर: तारीख, नाव, रक्कम. गार्वीच्या नावावरची प्लास्टरची एकूण रक्कम निघाली २८,७०,४६४ डॉलर ६ सेंट. ज्या माणसाने आयुष्यात कधी एक भिंत गिलावा करून घेतली असेल त्याला हे समजायला अग्रलेख लागत नाही.

पैसा आटतो

तरीही नुसत्या बातमीने टोळी पडली नसती असं माझं मत आहे. ट्वीडने कर फारसे वाढू दिले नव्हते. खर्च भागत होता तो कर्जरोखे विकून, आणि म्हणून करदात्याला कळ जाणवत नव्हती. बातमी पसरल्यावर हे रोखे कोणी घेईना, युरोपातलेही गुंतवणूकदार हात आखडून बसले. शहराकडे व्याज द्यायला पैसे उरतील की नाही हा प्रश्न आला, तेव्हा श्रीमंतांना जाग आली. ४ सप्टेंबरला शहरातल्या कूपर युनियनच्या सभागृहात सभा झाली, सत्तर जणांची समिती नेमली गेली. टोळीच्याच मर्जीतल्या न्यायाधीश बर्नार्डनी वारा ओळखला आणि शहराला पैसे खर्च करायला मनाई केली. त्या मनाईने पहिल्यांदा कोणाचं पोट मारलं? शहराच्या कामावरच्या मजुरांचं. त्यांचे पगार थांबले आणि ते सिटी हॉलवर जमले.

त्याच सुमाराला एका रात्रीत कंट्रोलरच्या कचेरीतून बिलांच्या मूळ पावत्या चोरीला गेल्या. घाबरलेला कॉनली सॅम्युएल टिल्डनकडे धावला. टिल्डनच्या सांगण्यावरून त्याने अँड्र्यू ग्रीन यांना आपल्या जागी काम बघायला नेमलं. टिल्डन स्वतः डेमोक्रॅटिक पक्षाचा राज्यातला नेता. इतकी वर्षं तो गप्प बसला होता, आणि या कामगिरीवर पुढे गव्हर्नर झाला, १८७६ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला. तरी त्याने जे केलं ते कोणी केलं नव्हतं. पावत्या गेल्या होत्या, पण ब्रॉडवे बँकेच्या वह्या होत्या. त्याने काउंटीने दिलेला प्रत्येक धनादेश घेतला, तो कंत्राटदाराच्या खात्यावर कोणत्या दिवशी जमा झाला ते पाहिलं, आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ट्वीडच्या खात्यात किती आले ते शेजारी लिहिलं. ओळीमागून ओळ तेच प्रमाण येत होतं. फुगवलेलं बिल हे वाईट कारभाराचं लक्षण आहे असं म्हणून सुटता येतं. ठरावीक टक्केवारीने जमा होत राहिलेल्या रकमांतून सुटता येत नाही.

शिक्षा आणि वसुली

२७ ऑक्टोबर १८७१ ला ट्वीडला अटक झाली आणि तो जामिनावर सुटला. पुढच्याच महिन्यात टॅमनीचे बहुतेक उमेदवार पडले, ट्वीड मात्र आपल्या मतदारसंघातून पुन्हा सिनेटवर निवडून आला. १८७३ च्या जानेवारीत पहिल्या खटल्यात ज्यूरीचं एकमत झालं नाही. नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या खटल्यात तो दोनशेहून अधिक कलमांवर दोषी ठरला, बारा वर्षांची शिक्षा झाली. अपिलात ती एका वर्षावर आली. सुटल्यासुटल्या शहराच्या ६० लाख डॉलरच्या दिवाणी दाव्यात त्याला पुन्हा अडकवण्यात आलं. ४ डिसेंबर १८७५ ला घरी जायची परवानगी मिळाली असताना तो पळाला, क्यूबामार्गे स्पेनला पोचला आणि तिथे नास्टच्या व्यंगचित्रावरून ओळखला गेला.

परत आणल्यावर १८७७ मध्ये त्याने सगळं सांगितलं: कोणाला किती, कोणत्या बैठकीत, कोणाकडून. सुटका होईल या आशेने सांगितलं. सुटका झाली नाही. १२ एप्रिल १८७८ ला तो लडलो स्ट्रीट तुरुंगात वारला, वय ५५.

बाकीचे? कॉनली परदेशात पळाला आणि तिथेच मेला. स्वीनी पॅरिसला जाऊन बसला, पुढे तडजोड करून परतला. त्याच्या वाट्याची परतफेड त्याच्या मृत भावाच्या नावावर दाखवली गेली. महापौर हॉल निर्दोष सुटले. आपण न वाचता सह्या करत होतो, हा त्यांचा बचाव. गार्वी माफीचा साक्षीदार झाला. न्यायाधीश बर्नार्डना महाभियोगाने काढलं, टॅमनीचे दुसरे न्यायाधीश कार्डोझो यांनी राजीनामा दिला. ऑल्बनीत ज्यांनी मतं विकली त्यांच्यापैकी कोणी गजाआड गेल्याचं मला कुठे वाचायला मिळालं नाही.

लूट किती झाली याचे अंदाज अडीच कोटी डॉलरपासून वीस कोटींपर्यंत जातात. शहराने परत मिळवले ते १० लाखांहूनही कमी. उरलेलं कर्जरोख्यांवर होतं, आणि रोखे खरे होते. पैसा चोरीला गेला म्हणून सावकाराचं देणं रद्द होत नाही. ते फेडायची जबाबदारी ग्रीन यांच्यावर आली. १८७६ पर्यंत ते कंट्रोलर होते. त्यांनी काटकसर केली ती इतकी कठोर, की कामं थांबली, मजुरांची रोजंदारी अडकली. १८७३ ची मंदी आली तेव्हा ज्या वस्त्यांत ट्वीडचा कोळसा पोचायचा तिथे पालिकेचं कामही नव्हतं.

आणि प्रामाणिक कंत्राटदारही होते, ज्यांनी खरोखर रस्ते केले होते, खरोखर विटा पुरवल्या होत्या. मूळ पावत्या गेलेल्या. खरी आणि खोटी बिलं एकाच गठ्ठ्यात, एकाच नमुन्यावर, एकाच सहीने पास झालेली. ग्रीन एकेक बिल हातात घेऊन काम झालं का हे नव्याने तपासत होते, नाकारत होते, दावे अंगावर घेत होते. ज्यांचे पैसे सरळ होते ते लोकही वर्षानुवर्षं कंट्रोलरच्या कचेरीबाहेर आणि कोर्टात ताटकळत राहिले. ते नवं कोर्ट पूर्ण झालं १८८१ मध्ये.